सालीवरची लिपी



ग्रंथांच्या घरी येऊन ज्याला ना पान ना फूल अशा जिवाविषयी बोलणे हे धाडसच. परंतु माझ्या या शैवाकाचे नावच ग्रीक भाषेतील ‘लिहिणे’ या शब्दावरून पडले आहे : ग्राफिस. शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार; आपल्या मसाल्यातले दगडफूल त्याच गोतातले. आंबोलीच्या रानात झाडाच्या सालीवर फिकट डाग आणि त्यावर काळ्या, वेड्यावाकड्या रेघा दिसतात. मोडी वाचणाराही क्षणभर थबकेल! ती प्रत्येक रेघ म्हणजे कवकाचे फळ. तिच्या चिरेतून बीजाणू बाहेर पडतात.

एकोणिसाव्या शतकात म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने बीजाणूंवरून या कुलाची मांडणी केली. बीजाणू रंगहीन व त्यात केवळ आडवे पडदे, तर ग्राफिस. आडवे-उभे दोन्ही, विटांच्या भिंतीसारखे, तर ग्राफिना. बीजाणू तपकिरी असतील तर अनुक्रमे फिओग्राफिस आणि फिओग्राफिना. सोय मोठी होती. पुण्यात डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला मखीजा प्रभृतींनी पश्चिम घाटातील जाती नोंदविल्या, त्या याच नावांनी.

पण सोय म्हणजे नाते नव्हे. पुस्तके बांधणीच्या रंगावरून लावली, तर एकाच कादंबरीचे दोन खंड दोन कपाटांत जातील. येथे नेमके तेच झाले होते. २००२ मध्ये बेट्टिना श्टायगर यांनी रेघेची काठवण, तिचा कोळशासारखा काळेपणा, बीजाणूंवर आयोडीनचा होणारा परिणाम असे सारे एकत्र तपासले. ग्राफिना मोडली, तिच्यातील अनेक जाती ग्राफिसमध्ये आल्या. पुढे डीएनएच्या पुराव्याने ग्राफिसमध्येच दोन घराणी निघाली. ठसठशीत रेघांच्या व मोठ्या बीजाणूंच्या पुष्कळ जाती २०१८ मध्ये अ‍ॅलोग्राफा या जुन्याच, विसरलेल्या नावाखाली गेल्या.

मात्र वनस्पतिसंग्रहात नाव बदलले तरी नमुन्यावरची जुनी चिठ्ठी कोणी फाडत नाही. नवी चिठ्ठी तिच्या शेजारी डकवतात. कोणी, केव्हा, काय मानले होते, हे त्यामुळे कळते.

आपली यादी संगणकावर गेल्यामुळे जुनी कार्डे रद्दीत द्यायची आहेत, असे मघाशी चहाच्या वेळी कानांवर आले. त्यांवर शाईने खोडून पुन्हा लिहिलेले वर्गांक आहेत. कार्यकारिणीने कृपया ती देऊ नयेत.