गिलाव्यापूर्वी



१९८७-८८ च्या सुमारास निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी पहिला टीव्ही आला. त्या वेळी छपरावर बांबूला अँटेना बांधलेला असे आणि तिथून एक चपटी वायर खाली येऊन खिडकीतून आत शिरे. वायर आत घ्यायची म्हणून ती खिडकी कायमची बोटभर उघडी राहिली. पुढे अँटेना गेला, केबल आली, केबल गेली, डिश आली. प्रत्येक नवी वायर त्याच फटीतून आत आली आणि खिडकी काही बंद झाली नाही. पावसाळ्यात तिथून पाणी येई. आई दरवर्षी तिथे पोत्याचा बोळा कोंबीत असे.

आता ते घर पाडून माझा धाकटा भाऊ त्याच जागी नवे घर बांधतो आहे. खाली तीन खोल्या, वर दोन. पतसंस्थेचे कर्ज आहे, तेव्हा पैसा मोजून वापरायचा. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, “दादा, सोमवारपासून गिलावा धरतोय. त्याआधी एकदा येऊन बघून जा.” मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून घरातल्या विजेच्या वस्तूंचा मी जाणकार अशी घरच्यांची समजूत आहे. ती कितपत खरी, हे पुढे कळेलच.

मी गेलो. भिंती उभ्या होत्या, स्लॅब पडला होता, वायरमनने दिव्यांच्या आणि पंख्यांच्या पाईपांसाठी झिऱ्या मारल्या होत्या. मी विचारले, “इंटरनेटची वायर कुठून येणार? टीव्हीमागे काय येणार? स्पीकर कुठे?” भाऊ म्हणाला, “ते नंतर बघू. आणि वायफाय आहे की!”

‘नंतर बघू’ म्हणजे काय, ते मी स्वतः भोगले आहे. २०१२ साली तालुक्याच्या गावी मी घर बांधले. नेटची वायर भिंतीतून न्यायची हे मला सुचले होते, याचा मला केवढा अभिमान! पण वायरमन म्हणाला, “सर, पाईप कशाला? वायर गिलाव्यातच दाबून टाकतो.” मी मान डोलावली. तीन वर्षांनी एका खोलीतली वायर मेली. खिळा लागला की ओल लागली, कोण जाणे. वायर ओढून काढावी तर ती सिमेंटमध्ये घट्ट बसलेली. टीव्हीसाठी जी एचडीएमआय वायर अशीच पुरली होती, ती धडधाकट होती. पण २०१९ साली अधिक बारीक चित्राचा नवा टीव्ही आणला, तेव्हा तेवढे चित्र तिला झेपेना. पडदा मध्येच काळा पडे. शेवटी दिवाणखान्याची भिंत फोडली. पंधरा दिवस घरभर धूळ होती. त्या पंधरा दिवसांत सौभाग्यवती माझ्या पदवीविषयी काय म्हणाल्या, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखे नाही.

तेव्हा भावाला मी एकच गोष्ट सांगितली. तारा आज घेतल्या नाहीत तरी चालेल, पण त्यांच्यासाठी पाईप आजच घाल. तार दहा वर्षांत जुनी होते. पाईप भिंतीइतका टिकतो, आणि घराच्या एकूण खर्चात त्याची किंमत किरकोळ असते.

वायफायचे म्हणाल तर ते हवेतून जाते हे खरे. पण नऊ इंची विटेच्या भिंतीने ते अशक्त होते आणि लोखंडी सळयांच्या स्लॅबमधून वर जाताना तर फारच. माझा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करणार आहे आणि त्याची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. बैठकीत मध्येच त्याचा आवाज तुटू लागला, तर साहेब किती दिवस ऐकून घेतील? म्हणून खालून वर एक वायर न्यायची आणि वायफायचा दुसरा डबा वरच बसवायचा. दोन्ही मजल्यांचे काम भागते.

ही वायर कशी असते ते सांगतो. शिक्षकमंडळींना वर्गातही उपयोगी पडेल. तिच्यात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला वेणीसारखा पीळ असतो. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरून विजेचा अडथळा आला, तर पिळामुळे तो जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांतला फरक तेवढा वाचते, आणि सारखा पडलेला अडथळा वजा होऊन जातो. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते. आजच्या वायरीच्या पोटात तीच युक्ती आहे.

दुकानात ‘कॅट सिक्स’ म्हणून मागा. घरासाठी ती भरपूर झाली. एका सलग वायरीची मर्यादा शंभर मीटर, तेवढे घर आपल्यापैकी फार थोड्यांचे. मात्र तार अस्सल तांब्याची घ्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त वायर सर्रास विकली जाते. ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर दुकानदाराला रामराम करावा.

पाईप विजेच्या पाईपापासून निदान फूटभर दूर ठेवावा आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडावा. विजेची आणि नेटची तार एका पाईपात कधीही घालू नये. हे निव्वळ अडथळ्यासाठी सांगत नाही. विजेच्या तारेचे आवरण फाटले, तर टीव्हीच्या मागच्या वायरीत दोनशे तीस व्होल्ट येतील. वळणावर एल्बो न लावता लांब बेंड लावावा, नाहीतर ऐन वेळी तार अडकते. खोल्यांसाठी पंचवीस मिलिमीटरचा पाईप पुरतो. टीव्हीमागे मात्र चाळीसचा घालावा. कारण एचडीएमआयच्या वायरीला टोकाला रुंद प्लग असतो, तो वीसच्या पाईपातून जात नाही. मी बाहेरून घालून पाहिला आहे, भिंतीच्या बाहेर आणि आतही! प्रत्येक पाईपात एक नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोके बांधून ठेवावीत आणि तोंडात कागदाचा बोळा घालावा. गवंडीदादांचा माल आत गेला की पाईप असून नसल्यासारखा.

हे सगळे पाईप एका जागी यायला हवेत. ती जागा जिन्याखालच्या ओलीत नको, माळ्यावर पत्र्याच्या उन्हात नको. मधल्या खोलीत छातीच्या उंचीवर एक हवेशीर कपाट केले की झाले. तिथे इन्व्हर्टरचा पॉइंट अवश्य द्यावा. राऊटरला वीज फार थोडी लागते, पण भारनियमनात तो बंद पडला, तर सगळा खटाटोप फुकट. बाहेरच्या खांबावरून येणारा पाईप भिंतीतून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात यायचे नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट नाव मिळाले. आज ना उद्या तो काचेचा तंतू आपल्या दारी येणार, त्याला आत यायला वाट हवी.

गोठ्यात कॅमेरा बसवायचा भावाचा विचार होता. घरातून गोठ्यापर्यंत मोकळ्यावरून तांब्याची वायर टाकायची म्हणाला. मी साफ नको म्हटले. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर अशी लांब तार विजेचा दणका सरळ घरात आणते. दोन इमारतींमध्ये प्रकाशतंतूच घालावा. काच वीज वाहून नेत नाही. शाळेच्या दोन इमारती जोडायच्या असतील, तर गुरुजींनीही हे लक्षात ठेवावे.

आता सिनेमाचे. भावाला हौस अशी, की दिवाणखान्यात थिएटरसारखा आवाज घुमला पाहिजे. टीव्ही लावायचा कुठे? तर देवाच्या तसबिरीच्या रांगेत, सहा फुटांवर! मी म्हटले, देवाकडे मान वर करून दोन मिनिटे पाहायचे असते, सिनेमा तीन तास चालतो. बसल्यावर आपली नजर साडेतीन फुटांच्या आसपास असते; पडद्याचा मध्य तिथेच यावा. पंचावन्न इंची टीव्ही सात-साडेसात फुटांवरून चांगला दिसतो, म्हणजे आमच्या बारा बाय सोळाच्या खोलीला तो पुरे.

पाच स्पीकर आणि एक खर्जाचा डबा, अशी ती मांडणी असते. डावा-उजवा समोर, दोन आपल्या बाजूंना जरा मागे, आणि एक बरोबर मधोमध, टीव्हीखाली. भावाचा सगळा जीव मागच्या दोनांत होता. माझे लक्ष मधल्याकडे होते, कारण पात्रांचे बोलणे बहुतेक त्यातूनच येते. आईला अलीकडे कमी ऐकू येते. टीव्ही मोठा केला की संगीत कानठळ्या बसवते आणि शब्द काही कळत नाहीत, अशी तिची तक्रार. मधला स्पीकर निराळा असला की नुसते बोलणे वाढवता येते. पैसे कमी असतील, तर मागचे दोन पुढच्या वर्षी घ्यावेत, त्यांचे पाईप मात्र फरशी बसण्याआधी जमिनीतून नेऊन ठेवावेत. स्पीकरला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमच्या आत राहतो; आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही.

आणि कोऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या अशा खोलीत शब्दावर शब्द आदळून त्यांचा काला होतो. जाड पडदे, पुस्तकांचे कपाट, खाली सतरंजी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. समोरच्या भिंतीवर आईची एखादी गोधडी टांगायचेही मी सुचवले, त्यावर ती म्हणाली, “गोधड्या पांघरायला असतात.”

शनिवार-रविवार आम्ही झिऱ्या मारल्या. वायरमन आधी कुरकुरला, मग त्यालाच गोडी लागली. रविवारी संध्याकाळी प्रत्येक भिंतीला टेप लावून पुतण्याने फोटो काढले, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाईप कुठे आहे ते कळेल. गिलावा झाल्यावर सगळ्या दोऱ्या ओढून पाहिल्या. आईच्या खोलीतली तेवढी हलेना. बोळा निघून सिमेंट आत गेले होते. अजून ओले होते, म्हणून सळईने मोकळे करता आले.

टीव्ही घ्यायचा आहे अजून. कांद्याचे पैसे हाती आले की बघू, असे भाऊ म्हणतो.