भट्टीतील जागा आणि पाळीचा क्रमांक

लखनौहून बाराबंकीकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत चिनहट लागते. झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे. कुंभाराच्या भट्टीचे दोन नियम आपण सारेच जाणतो. भट्टीत जागा मोजकी असते, आणि आच चालू असता आतले भांडे बाहेर ओढता येत नाही. संगणकाच्या एका आतल्या व्यवहारालाही हेच नियम लागू पडतात.

पडद्यावरील चित्रे रेखाटणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरला पुष्कळदा स्वतःची स्मृती असते. ती वेगवान, पण मर्यादित. खेळ, चित्रपट, नकाशे हे सारे तिच्यात एकाच वेळी जागा मागतात. जागा संपली की कोणाची तरी सामग्री मुख्य स्मृतीत हलवावी लागते. हा निवाडा कार्यप्रणालीच्या गाभ्यातील ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली करते. ‘लिनक्स’ प्रणालीत 2009 साली यासाठी ‘टीटीएम’ ही व्यवस्था आली. जे बराच काळ वापरले गेले नाही ते आधी हलवावे, ही तिची सर्वसाधारण रीत. मात्र त्यावर प्रोसेसरचे काम चालू असेल, तर ते संपल्याची खूण मिळाल्यावाचून ती जागा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. दिली, तर एकाचे चित्र दुसऱ्यावर उमटेल, किंवा सारे यंत्रच ठप्प होईल.

हलवाहलव चालू असता तिसऱ्याने हात घालू नये म्हणून प्रत्येक स्मृतिखंडाला कुलूप असते. खरी अडचण येथेच उद्भवते. एका कामाने पहिले कुलूप घेतले आहे व त्याला दुसरे हवे. दुसऱ्या कामाजवळ दुसरे आहे व त्याला पहिले हवे. दोघेही वाट पाहत राहतात आणि पडदा गोठतो. सर्वांनी कुलुपे ठरलेल्या क्रमानेच घ्यावीत, हा जुना तोडगा येथे चालत नाही. कारण कोणते खंड कोणत्या क्रमाने लागतील, हे ज्याचे काम तोच कार्यक्रम ठरवतो.

रोझेनक्रान्झ, स्टर्न्स आणि लुईस या तिघांनी 1978 साली माहितीसाठ्यांच्या संदर्भात यावर उपाय मांडला होता. त्याच धर्तीची कुलुपे 2013 साली ‘लिनक्स’च्या 3.11 या आवृत्तीत आली. प्रत्येक कामाला आल्याबरोबर क्रमांक मिळतो. हवे असलेले कुलूप धाकट्याजवळ असेल, तर थोरला थांबतो. ते थोरल्याजवळ असेल, तर धाकटा आपली सारी कुलुपे सोडून मागे सरतो आणि पुन्हा आरंभ करतो.

येथे धाकट्यावर अन्याय होतो, असे कोणी म्हणेल. परंतु मागे सरताना त्याचा मूळ क्रमांक कायम राहतो. पुढचे एकेक काम आटोपत जाते, नवे येणारे त्याच्याहून धाकटेच ठरतात, आणि अखेर तोच सर्वांत थोरला होतो. दर वेळी नवा क्रमांक दिला असता, तर तो बिचारा कायमचाच रांगेच्या शेवटी राहिला असता.

जागा अपुरी असली म्हणजे कोणीतरी माघार घेणे अटळच असते. ज्याने माघार घेतली त्याची पाळी हिरावली जाऊ नये, एवढे पथ्य पाळले की कोंडीही सुटते आणि न्यायही राहतो.