कोणाची कोण?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलं आहे. या वेळेला भाषण ठेवणं हा ऐकणारीवर अन्याय, बोलणारीवर अन्याय आणि पोटातल्या वरणभातावर तर अत्याचारच. तेव्हा आज कलमं कमी आणि गमती जास्त सांगते. गमती आहेत अर्जांच्या. आपल्या केंद्रांत आपण रोज जे भरतो ते अर्ज, पूर्वी कागदावरचे आणि आता मोबाईलवरचे.

अर्ज पुरुषाला विचारतो, तू कोण? आणि बाईला विचारतो, तू कोणाची कोण?

पहिल्याच चौकोनापासून बघा. पुरुष एकदा 'श्री.' झाला की झाला. लग्न झालं, मोडलं, बायको वारली, दुसरी केली, तरी तो आपला 'श्री.'च. बाईला मात्र कु., सौ. आणि श्रीमती. तिच्या नवऱ्याचं बरं चाललं आहे की नाही, हे तिच्या नावाआधीच्या अक्षरांवरून पोस्टमनलासुद्धा कळतं. शिवाय लग्नपत्रिकांतलं 'गं. भा.' होतंच. ते हळूहळू चाललं म्हणेपर्यंत एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याची कल्पना पुढे आणली. संघटनांनी आवाज उठवल्यावर ही नुसती चर्चा होती असा खुलासा झाला. बायको वारलेल्या पुरुषाला कोणती नदी द्यायची, हे मात्र कुणी सुचवलं नाही.

आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत. घ्यायचं झालं तर उखाण्यात, तेही चार जणींनी आग्रह केल्यावर. आज तेच नाव गॅसच्या, बँकेच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या अर्जात दिवसातून चार वेळा घ्यावं लागतं, तेही बिनउखाण्याचं. प्रगती झाली नाही असं कोण म्हणेल?

हा खेळ जुना आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदारयाद्या करणारे लोक दारोदार गेले, तेव्हा विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी आपली ओळख 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी सांगितली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरायच्या नाहीत असं ठरवलं. सुमारे २८ लाख बायका त्यामुळे यादीतून गळल्या. अमक्याची बायको म्हणून अख्खा जन्म काढता येतो, पण मत देता येत नाही, हे त्या निवडणुकीनं शिकवलं. तेव्हा सरकार म्हणत होतं, बाई, तुझं स्वतःचं नाव सांग. आज बाई ठणकावून आपलं नाव सांगते, तर अर्ज म्हणतो, ते ठीक आहे हो, पण मिस्टरांचं?

बाईच्या माहेरच्या नावाला किंमत नाही असं मात्र समजू नका. बँकेच्या फोनवर ओळख पटवायला हमखास विचारतात, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? हा सुरक्षेचा प्रश्न. म्हणजे बँकेची खात्री आहे, की हे नाव जगात कुणालाच माहीत नसणार! लग्नात मामा अंतरपाटाशी उभा असतो, त्याचं आडनाव अख्ख्या मांडवाला ठाऊक असतं, पण कागदावरून ते इतकं पुसलं गेलं आहे की आता तिजोरीची किल्ली म्हणून चालतं.

आता थोडं गणित. आधार कार्डावर नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पुरुषाला याचं काहीच नाही, त्याला एकदाही बदलावं लागत नाही. बाईचा हिशेब करा. लग्न झालं, सासरचं नाव लावलं: एक. घटस्फोट झाला, माहेरचं नाव परत घेतलं: दोन. कोटा संपला. पुन्हा लग्न करायचं असेल तर एकतर नाव बदलायचं नाही, नाहीतर त्याच आडनावाचा मुलगा शोधायचा. वधू-वर सूचक मंडळांनी ही सोय जरूर करावी.

आणि माहेरचं नाव परत घेणं तरी सोपं आहे का? २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका बाईनं याचिका केली. राजपत्रात माहेरचं नाव परत लावायचं तर केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं जात होतं. त्याला तिनं आव्हान दिलं. घरात साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे ज्याला बारा वर्षांत समजलं नाही, त्याची हरकत-नाहरकत बायकोच्या आडनावाला लागते!

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? तर पालकत्वाकडे बघू. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला आई म्हणून सही केली, तर बापाची सही आणा असं उत्तर आलं. बापाची काही तक्रार नव्हती, दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की 'त्याच्यानंतर' याचा अर्थ तो मेल्यानंतर एवढाच घेऊ नका, तो हजर नसेल किंवा लक्ष घालत नसेल तेव्हाही आईच पालक. निकाल चांगला आहे, आपल्या कामाला येतो. पण कायद्यातला शब्द तसाच राहिला. मुलाचं दूध, शी-शू, गोवर, गृहपाठ या सगळ्यात 'आधी' असणारी आई कागदावर मात्र 'नंतर'.

काही बदललं नाही असं मुळीच नाही. पासपोर्टच्या नियमांत २०१६ मध्ये आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव देण्याची सोय झाली. आई एकटीच पालक असेल तर पॅन कार्डाला वडिलांचं नाव लागत नाही, हा बदल २०१८ मधला. आणि महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पेढा खाऊन होईपर्यंत पुढची ओळ वाचली: विवाहित स्त्रीचं नाव मात्र पूर्वीच्याच पद्धतीनं, म्हणजे तिचं, मग पतीचं, मग आडनाव. थोडक्यात, मुलगा आईचं नाव जन्मभर वागवेल. मुलगी ते लग्नापर्यंत वागवेल, आणि मग मांडवात ठेवून जाईल. मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीच्या नावानं नोंद करण्याची मुभा त्याच निर्णयात आहे. ती वाचून ठेवा, बायकांना सांगा.

आता मोबाईलकडे येते, कारण रकाना आता तिथे राहायला गेला आहे. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ मध्ये रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख ठरवली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतले गॅस बाईच्या नावावर आले. पण घरात एकच मोबाईल असेल तर तो नवऱ्याच्या खिशात असतो. मग कुटुंबप्रमुख चुलीपाशी आणि सिलिंडरचा निरोप पानाच्या टपरीवर!

या सगळ्यावर कळस झाला २०२५ मध्ये. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासूनची, महिना १,५०० रुपयांची. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. बहिणीचा आधार क्रमांक, तिच्या मोबाईलवर ओटीपी. इथवर ठीक. पुढचा रकाना: पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाईलवर ओटीपी. बहीण लाडकी खरी, पण नवऱ्याला विचारून! ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा, हा प्रश्न रकाना करणाऱ्याला पडलाच नव्हता. बायकांनी ओरड केली, तेव्हा मुदत वाढली आणि मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला देऊन पुढे जाण्याची वाट निघाली.

पण एक बाई तरीही त्यात बसत नाही, आणि इथे मला हसू येत नाही. नवरा मेलेला नाही, घटस्फोट झालेला नाही, त्यानं नुसतं टाकलं आहे. वडील वारलेत. तिच्याकडे कुठला दाखला? आपल्या केंद्रांत येणाऱ्या किती जणी अशा आहेत, तुम्हीच आठवा. अशी बाई सहा वर्षांनी नवऱ्याला फोन करते, आणि तो म्हणतो, ओटीपी देतो, पण पोटगीची केस मागे घे. सहा आकडे, दहा मिनिटं चालणारे, आणि त्यांच्या बदल्यात तिचा हक्क.

१९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली, ती याच बाईसाठी. लग्न झालेलं आहे पण नवरा नाही, अशी बाई सरकारी कागदाला दिसतच नाही, हे तेव्हापासून चळवळ सांगते आहे. वेगळ्या रेशनकार्डासाठी त्या काळी बायका तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत होत्या. आता पायऱ्या नाहीत, पडदा आहे. पायरीवर बसून घोषणा तरी देता येत होत्या.

म्हणून माझी विनंती आहे. या गमती सांगून हसू या, पण त्या लिहूनही ठेवू या. कोणता अर्ज, कोणता रकाना, कोणती बाई त्यात मावली नाही, तिला काय सोडावं लागलं. प्रत्येक केंद्रानं एक वही करावी. दोन साध्या गोष्टी आजच्या आजही होतील: आपल्याकडे येणाऱ्या बाईचं सिमकार्ड तिच्या नावावर आहे का, आणि तिच्या आधारला तिचाच नंबर जोडलेला आहे का, हे पहिल्या भेटीत विचारायचं. आणि आपल्या संघटनांचे छापील अर्जही तपासा. येताना मी तीन-चार संघटनांचे नोंदणी अर्ज चाळले. एकावर ठळक छापलं आहे: 'पतीचे/वडिलांचे नाव'. कुणाचा ते सांगत नाही.

उद्या सकाळच्या सत्रात आपापले अर्ज घेऊन या. लाल पेन मी आणते.