रुग्णालयातील न्यूमोनिया आणि शरीराचा बिघडलेला प्रतिकार



अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखादा वृद्ध मोडलेल्या हाडासाठी किंवा पक्षाघातासाठी गोंदियाला वा नागपूरला दाखल होतो. मूळ दुखणे आटोक्यात येत असते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला धाप लागते. दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर उद्भवणारा असा न्यूमोनिया रुग्णालयातच जडलेला मानतात. त्याचे जंतू पुष्कळदा नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

परंतु सारा दोष जंतूंचा नव्हे. फुप्फुसाच्या वायुकोशांतील भक्षक पेशी जंतू ओळखताच रासायनिक संदेश सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तेथे धावतात. येथवर सारे योग्यच. हा प्रतिसाद अनावर होऊन शरीरभर पसरला, की रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब उतरतो, सूक्ष्म गुठळ्या होतात आणि ज्या मूत्रपिंडात जंतू पोहोचलेलेही नसतात तेही निकामी होऊ लागते. हाच सेप्सिस. ‘रक्तात विष भिनले’ हे जुने वर्णन अपुरेच होते. २०१६ च्या व्याख्येने शरीराच्या बिघडलेल्या प्रतिसादालाच प्रमुख स्थान दिले. दुसरीकडे प्रतिकारशक्ती थकतेही. पांढऱ्या पेशी मरतात, उरलेल्या मंदावतात आणि सावरणाऱ्या रुग्णास दुसरा संसर्ग गाठतो. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल रोगात तर प्लीहा पुष्कळदा बालपणीच निकामी झालेली असते. अशा रुग्णाचा ताप कधीही किरकोळ मानू नये.

वेळेचे मोल शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने दाखविले आहे. तेथे ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरगुती सेवा उभी केली. सेप्सिसची लक्षणे ओळखून गावातील प्रशिक्षित स्त्रियांनीच उपचार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या एकूण सेवेमुळे नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. तो आजार रुग्णालयातला नव्हता हे खरे. पण लक्षण ओळखणारा डोळा रुग्णाजवळ होता.

वॉर्डात तो डोळा बहुधा नातेवाइकाचा असतो. वृद्धास ताप येईलच असे नाही. तो बरळू लागला, गुंगीत गेला, श्वास जलद झाला वा लघवी कमी झाली, तर परिचारिकेस तत्काळ सांगावे; डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीसाठी थांबू नये. आडव्या रुग्णास मायेने पेज भरविली जाते, ती फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. डॉक्टरांची मनाई नसल्यास उशाकडील भाग उंच ठेवावा, तोंड स्वच्छ करावे, हात धुवावेत. गावी परतल्यावर रुग्णालयाची कागदपत्रे आशा कार्यकर्तीस दाखवावीत. पुढील काही महिने पुन्हा संसर्ग होण्याचा संभव असतो.