जीवदया आणि आजारी श्वानाचे शिक्षण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नांदूरघाट येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे अखंडपणे धर्मकार्याची ज्योत तेवत ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या पूर्वजांनी या कार्याची पायाभरणी केली, त्यांना प्रथम वंदन करतो. या मंगल प्रसंगी 'जीवदया' या विषयावर बोलावे, अशी आज्ञा मला झाली. जीवदया हा आपल्या धर्माचा प्राण आहे आणि त्यावर आपण वर्षानुवर्षे प्रवचने ऐकत आलो आहोत. म्हणून आज मी सिद्धान्ताची पुनरुक्ती करणार नाही. एका लहानशा, परंतु हल्ली अनेक घरांत उभ्या राहणाऱ्या प्रश्नापुरतेच बोलेन. आपण ज्याला शिकवतो, ज्याच्याकडून राखणीचे काम घेतो, प्रसंगी ज्याला स्पर्धेतही उतरवतो, तो श्वान पोटाच्या जुनाट विकाराने ग्रासला, तर श्रावकाचे कर्तव्य काय?

सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर कुत्र्याचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. त्यांना मी जीवंधरकुमाराच्या कथेचे स्मरण करून देतो. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी मारून मरणासन्न केलेल्या कुत्र्याजवळ जीवंधरकुमार थांबले. त्याच्या कानात त्यांनी पंचनमस्कार मंत्र सांगितला आणि तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्ष झाला. वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणी'त ही कथा विस्ताराने आली आहे. देहाने श्वान असला तरी आत्म्याने तो आपल्याहून कमी नाही, हेच आचार्यांना सांगावयाचे आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातीलच एक उदाहरण घ्या. बीड पोलीस दलाच्या श्वानपथकात 'रॉकी' नावाचा श्वान होता. दीर्घ आजारानंतर १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याचे निधन झाले. पोलीस दलाने त्याला सन्मानपूर्वक अखेरचा निरोप दिला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पंतप्रधानांनी 'मन की बात' या कार्यक्रमात त्याचा उल्लेख केला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याचे साहाय्य झाले होते, असे त्यांनी देशाला सांगितले. काम करणारा जीवही आजारी पडतो, थकतो आणि तरीही तो आपलाच असतो, हा धडा आपल्याच जिल्ह्याने देशापुढे ठेवला. परंतु पोलीस दलात श्वानाला स्वतंत्र हस्तक असतो, शिस्त असते, वैद्यकीय तपासणी असते. घरच्या श्वानाला मात्र आपल्या विवेकाखेरीज दुसरा आधार नसतो.

आता विकाराविषयी. पुष्कळ घरांत जर्मन शेफर्ड, म्हणजे ज्याला आपण सर्रास अल्सेशियन म्हणतो, तो पाळला जातो. या जातीत स्वादुपिंडाचा एक आनुवंशिक विकार विशेष आढळतो. स्वादुपिंडातील पाचक विकरे तयार करणारा भाग झिजत जातो. बहुतांश भाग नष्ट झाल्यावरच लक्षणे दिसू लागतात. श्वान अधाशासारखा खातो आणि तरीही दिवसेंदिवस वाळत जातो. विष्ठा फिकट, तेलकट आणि प्रमाणाबाहेर होते. भुकेने कासावीस होऊन तो माती, कचरा, क्वचित स्वतःची विष्ठाही खातो. कोवळ्या वयातच, म्हणजे त्याचे शिक्षण ऐन भरात असताना, हा विकार डोके वर काढतो. घरच्यांना वाटते, एवढे खाऊ घालूनही अंगी लागत नाही. मग कोणी त्याला खादाड म्हणतो, कोणी गलिच्छ म्हणतो. वास्तविक भरल्या ताटापुढे उपाशी राहिलेला तो जीव असतो.

याचे निदान रक्ततपासणीने होते. श्वानाला रात्रभर उपाशी ठेवून सकाळी रक्त घेतात आणि स्वादुपिंडाच्या विकरांचे प्रमाण मोजतात. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये आपल्याला फार दूर नाहीत. जंत, आतड्यांची सूज, अन्नाचे वावडे अशा अन्य कारणांनीही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून अंदाजाने औषध करू नये. विकार बरा होत नाही, परंतु आटोक्यात राहतो. प्रत्येक जेवणात विकरांची पूड मिसळावी लागते आणि तीही आयुष्यभर. बहुतेकांना बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनेही द्यावी लागतात. एवढे पथ्य सांभाळले, तर असा श्वान अंग धरतो, शिकतो, धावतो आणि स्पर्धेतही उतरू शकतो.

बंधु-भगिनींनो, अशा श्वानाला शिकवताना नियमावली कोठून आणावी? ती आपल्याजवळच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांत हे पाचही सारखेच मान्य आहेत. भारत सरकारच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम वाचावे. जनावराला मारणे, आखूड साखळीने बांधून ठेवणे, अवयव छाटणे, अतिश्रम देणे आणि अन्नपाणी न देणे हेच अपराध तेथे नोंदलेले आढळतात. आजारी जनावराला कामाला लावणे आणि त्याला बेवारस सोडून देणे, हे आणखी दोन अपराधही तेथे आहेत. जे कायद्याने विसाव्या शतकात लिहिले, ते आपल्या आचार्यांनी शतकानुशतके आधी श्रावकाच्या व्रतात बसवले होते.

पहिला अतिचार बंध. शिक्षणासाठी गळ्यात पट्टा आणि हाती दोरी लागतेच. तिला कोणी बंध म्हणणार नाही. परंतु पोट बिघडलेल्या श्वानाला दिवसभर साखळीने जखडले, तर त्याला आपल्याच घाणीत बसावे लागते. श्वान स्वभावतः आपली जागा स्वच्छ राखणारा प्राणी आहे. त्याच्यासाठी ही यातना मारापेक्षा कमी नाही. अशा श्वानाला दिवसातून अनेकदा बाहेर नेण्याची ज्याची तयारी नाही, त्याने शिक्षणाच्या गोष्टी करू नयेत.

दुसरा वध, म्हणजे ताडन. घरात घाण केली म्हणून, उकिरडा हुंगला म्हणून, विष्ठेला तोंड लावले म्हणून हात उगारला जातो. परंतु हे अवज्ञेचे लक्षण नसून विकाराचे लक्षण आहे. ताप आलेल्या मुलाला अंग का तापले म्हणून आपण मारतो काय? शिवाय माराने श्वान कृत्य सोडत नाही, लपून करू लागतो. अचानक असे वर्तन वाढले, तर काठी शोधू नये, औषधाची मात्रा तपासून घ्यावी.

तिसरा छेद. रुबाबासाठी कान कापणे, शेपूट छाटणे यांचा आजाराशी संबंध नाही, म्हणून येथे अधिक बोलत नाही. ते श्रावकाला शोभत नाही, एवढेच पुरे.

चौथा अतिभारारोपण. पुणे-मुंबईसारख्या शहरांत श्वानांची प्रदर्शने आणि आज्ञापालनाच्या स्पर्धा होतात. पोलीस दलांच्या श्वानांसाठी अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात स्पर्धा असतात. आजारी श्वानाने त्यात उतरूच नये, असे मी म्हणणार नाही. काम मिळाले की श्वान आनंदतो. शेपटीवरून ते ओळखता येते. परंतु उतरावयाचे की नाही, हे मालकाच्या हौसेने ठरू नये. महिनाभर वजन टिकले आहे काय, विष्ठा बांधून होते काय आणि तो कामासाठी स्वतः होऊन उठतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर स्पर्धा सोडून द्यावी. प्रवासाचा ताण, नवी जागा, परके पाणी आणि मराठवाड्याचे ऊन यांनी नाजूक पोट हमखास बिघडते. म्हणून घरचेच अन्न आणि घरचेच पाणी बरोबर न्यावे. जेवण आणि श्रम यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि स्पर्धेच्या दिवशी नवा घास देऊ नये. मैदानावर पोहोचल्यावर जुलाब सुरू झाले, तर तेथूनच परत फिरावे. पारितोषिक मालकाच्या दिवाणखान्यात राहते, त्रास मात्र त्या जीवाच्या पोटात राहतो.

पाचवा अन्नपाननिरोध, आणि आजच्या विषयाचा गाभा येथेच आहे. उपाशी कुत्रा लवकर शिकतो, असा एक समज आहे. निरोगी श्वानाच्या बाबतीतही तो प्रशस्त नाही. या विकारात तर ती निखळ क्रूरता होय. दुसरीकडे, शिकवताना बक्षीस म्हणून दिलेला प्रत्येक तुकडा विकरांवाचून पोटात गेला, तर तो पचत नाही आणि जुलाबाला निमंत्रण देतो. यातून मार्ग असा की, रोजच्या ठरलेल्या जेवणातूनच थोडे अन्न बाजूला काढावे, त्यात पूड मिसळून ओलसर करून ठेवावे आणि तेच बक्षीस म्हणून द्यावे. कोरडी पूड तोंडाला लागून जखमा होऊ शकतात, म्हणून ओलावा आवश्यक आहे. त्याहून उत्तम म्हणजे चेंडूचा खेळ, शाबासकीचा शब्द आणि पाठीवरचा हात. या बक्षिसाला पथ्य नसते.

आपल्या घरांतील काही नियम तर श्वानाच्या पथ्यावरच पडतात. कांदा आणि लसूण श्वानाला विषासमान आहेत. आपल्या स्वयंपाकात ते मुळातच नसतात. दिवसा दोन-तीन वेळा विभागून दिलेले जेवण या विकारात हितकर ठरते आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाच्या शिस्तीत ते सहज बसते. मात्र प्रेमापोटी दिलेले दूध, तुपातले मिष्टान्न, मनुका हे टाळावे. दूध पुष्कळ प्रौढ श्वानांना पचत नाही आणि मनुका तर घातक असतात. शाकाहारी आहार श्वानाला चालतो काय, असे अनेक जण विचारतात. श्वानाला पिष्टमय पदार्थ लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक चांगले पचतात, हे संशोधनाने दाखवले आहे. त्यामुळे काटेकोरपणे समतोल राखलेला शाकाहार शक्य आहे. परंतु आजारी श्वानाचा आहार पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावा. नुसती दूध-भाकरी म्हणजे समतोल आहार नव्हे.

आता जे सांगणे अवघड आहे, तेही सांगतो. विकरांची जी पूड या श्वानाला जगवते, ती सामान्यतः डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होते. वनस्पती किंवा बुरशीपासून मिळवलेली विकरे उपलब्ध आहेत, परंतु या विकारात ती तितकी उपयोगी ठरत नाहीत. एका जीवाच्या रक्षणासाठी दुसऱ्या जीवाच्या हिंसेतून आलेली वस्तू घरात आणावी काय? हा प्रश्न टाळून जीवदयेवर बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझे मत नम्रपणे मांडतो. आपण ते आपल्या व्रताच्या मर्यादेत तपासावे आणि गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. जो जीव आपण स्वेच्छेने घरी आणला, त्याच्यापुढे अन्न ठेवावयाचे आणि ते पचवणारे औषध नाकारावयाचे, हा अन्नपाननिरोधच आहे. फक्त त्याचे रूप निराळे आहे. त्या औषधातील हिंसा नाकारू नये. ती ओळखावी, प्रतिक्रमणात तिचे स्मरण ठेवावे. ज्यांच्या व्रताला ती वस्तू हाताळणे मानवत नाही, त्यांनी ते पथ्य सांभाळणारे घर शोधून श्वान तेथे सोपवावा आणि तपासणीचा व देखभालीचा भार शक्य तेवढा उचलावा. परंतु रात्रीच्या अंधारात त्याला घाटात सोडून येणे किंवा पांजरापोळाच्या दारात बांधून मोकळे होणे, याला जीवदया म्हणता येणार नाही. पांजरापोळ हे निराधार जीवांचे आश्रयस्थान आहे. ते आपल्या जबाबदारीचे विसर्जनस्थान होऊ नये.

म्हणून खरा विवेक श्वान घरी आणण्यापूर्वीच करावयाचा असतो. ऐटीसाठी परदेशी जातीचे पिल्लू विकत घेण्याआधी त्या जातीचे आनुवंशिक विकार जाणून घ्यावेत. आजारी श्वानापासून पैदास करू नये. पोटाचे विकार कोणत्याही श्वानाला होऊ शकतात. तरीही राखणीसाठी आपल्या गल्लीतील गावठी पिल्लू काय वाईट? तेही शिकते आणि त्याला आसऱ्याची गरज अधिक असते. आणण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. आणल्यावर मात्र शेवटच्या श्वासापर्यंत सोडू नये.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक विनंती ठेवतो. सुवर्णमहोत्सवाचे औचित्य साधून जीवदया खात्यातून जुनाट आजाराच्या प्राण्यांसाठी काही तरतूद व्हावी. रक्ततपासणी, बी-१२ ची इंजेक्शने आणि परभणी-उदगीरपर्यंत नेण्याचे भाडे एवढ्यापुरतीच ती असावी. ज्या औषधाविषयी समाजात मतभिन्नता आहे, त्याचा खर्च ज्याने त्याने आपल्या विवेकाने करावा. पैशाअभावी निदान न झाल्यामुळे आपल्या गावात एकही मुका जीव भरल्या ताटापुढे उपाशी मरू नये, एवढे या वर्षात आपण निश्चित करू शकतो.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. 

जय जिनेंद्र.