नगरपालिकेची वही

(मतमोजणीनंतरच्या आठवड्यात बाजारचौकात झालेल्या सभेतील भाषण)



निवडणूक आटोपली. गुलाल अजून गटारातून वाहून गेलेला नाही, कारण गटार तुंबलेले आहे. जे निवडून आले ते हार घालून मिरवले, जे पडले ते घरी जाऊन निजले, आणि मत देणारी रयत दुसऱ्या दिवशी पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन पुन्हा याच चौकात येऊन बसली. सभा तर निवडणुकीआधी घ्यावयाची, तुम्ही नंतर का घेता, असे पुष्कळांनी आम्हांस विचारले. अहो, निवडणुकीआधी पुढारी आपण होऊन उंबऱ्याशी येतो. त्याला सभा घेऊन बोलवावे लागत नाही. आपले काम आता सुरू होते. ते काम वही पाहण्याचे.

वही हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. आपल्या पणज्यांनी सावकाराची वही पाहिली, पण बाहेरून. आत काय लिहिले ते एका सावकारास ठाऊक. अंगठा आधी उठवावयाचा आणि आकडा मागाहून भरावयाचा, अशी ती रीत. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे ही रयत खवळून उठली, तेव्हा तिने सावकारांकडे मुख्यतः मागितले ते रोखे व वह्या; आणि त्या जाळल्या. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात एक गोष्ट अशी होती की कुळाने पैसे भरले की त्यास पावती मिळाली पाहिजे, आणि मागितल्यास दरसाल हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे. वही जाळून जे साधले नाही ते वही उघडून पाहिल्याने साधेल, एवढे शहाणपण सरकारासही सुचले होते.

त्याच सालांत जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटीत मेंबर होते. १८७६ साली सरकारने त्यांना नेमले, आणि पुढे सुमारे सहा वर्षे ते त्या जागी होते. जोतीराव स्वतः बांधकामाच्या ठेक्याचा धंदा केलेले गृहस्थ. चुना, दगड, मजुरी यांचे भाव त्यांच्या बोटांवर. आकड्यांचा धूर करून त्यांना कोणी फसवील हे शक्य नव्हते. १८८० साली गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा. बाकी सर्व मेंबरांचे हात एका बाजूला, आणि विरोधाचे मत एकट्या जोतीरावांचे. ठराव अर्थातच पास झाला. पण ते एक मत कारभाराच्या कागदावर राहिले, म्हणून आज शंभरांहून अधिक वर्षांनी आपणांस कळते की तो पैसा कोणी खर्चिला आणि कोणी नको म्हटले. आपल्या नगरसेवकाने गेल्या सालात कोणत्या ठरावास हात वर केला, हे या चौकातील कितीजण सांगू शकतील?

नुसता ठराव पाहूनही भागत नाही. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांस मोकळे केल्याचा ठराव केला. फार चांगला ठराव! पण तीन वर्षे तो दप्तरात निजला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली, तेव्हा तो ठराव जागा झाला. आणि जागा होताच त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो रद्द केला. कागदावर दिलेले आणि हातात पडलेले यांत किती अंतर असते ते ह्यावरून ओळखावे.

आता आपल्या काळाकडे येऊ. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरली, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे ठरले. १ जून १९९३ पासून हा देशाचा कायदा आहे. तरीही मुंबई व पुणे येथील महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली ती संपलीच. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासक साहेबांची. नगरपरिषदांचीही अशीच तऱ्हा, त्यांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. या काळात कर थांबला काय? पाणीपट्टी थांबली काय? आणि आम्ही खेड्यातले, आमचा कुठला कर, असे कोणी म्हणू नये. पूर्वी गाडी नाक्यावर अडवून जकात घेत, तेव्हा कळत तरी होते की शहराने आपला खिसा चाचपला. जकात गेली, शेवटी मुंबईचीही २०१७ साली गेली. आता साबणाच्या वडीतून आणि चपलेच्या जोडातून कर जातो, आणि त्यातला वाटा सरकारमार्फत शहरांस मिळतो. नाका दिसत नाही, एवढाच फरक.

आमच्याच आळीची गोष्ट सांगतो. आळीत गटार झाले. झाले म्हणजे अर्धे झाले. दोन पावसाळे पाणी परटाच्या घरात शिरले. आम्ही नुसते चरफडत होतो. शेवटी २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज केला आणि त्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमापाची पुस्तिका आणि ठेकेदारास दिलेले बिल, यांच्या नकला मागितल्या. तीस दिवसांत मिळावयाच्या त्या अडीच महिन्यांनी, अपील केल्यावर मिळाल्या. पुस्तिकेत गटार १५० मीटर. आळीतले गवंडीदादा टेप घेऊन आले. गटार ११२ वर संपले. बिल मात्र दीडशेचे पुरते चुकते झालेले.

आणि येथेच आमची खरी परीक्षा झाली. ठेकेदार निघाला आपल्यातलाच, आपल्याच सोयरिकीतला! रात्री चार वडीलधारी मंडळी घरी आली. म्हणाली, "आजवर दुसऱ्यांनी खाल्ले तेव्हा गप्प होता, आता आपल्या पोराने चार पैसे मिळविले तर तुमच्या पोटात दुखते काय?" आम्हांला त्या रात्री उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. सकाळी परटीण दारातला चिखल काढीत होती. तीही आपलीच होती. मग उत्तर शोधावे लागले नाही. उरलेले गटार पुढे तीन महिन्यांत झाले. जादा बिलाचे काय झाले, याचे उत्तर अजून आलेले नाही. दुसरे अपील पडून आहे.

पूर्वी म्युनिसिपालिटीत आपले कोणी नव्हते, तेव्हा आपला माणूस आत जावा म्हणून आपण झगडलो. तो गेला, बरे झाले. पण सावकार जातीचा असला म्हणून त्याच्या व्याजाचा दर कमी होत नसे, हे आपल्या म्हाताऱ्यांस विचारा.

कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावा. तो लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे, उपकार नव्हे. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर दहा रुपयेही लागत नाहीत. आणि गवंडी, सुतार, लोहार बांधवांनी हे नीट ऐकावे: कायद्याने तुम्हांस नुसता कागद नव्हे, चालू काम पाहण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे. वाळूत सिमेंट किती हे पदवीवाल्याहून तुमच्या बोटांना आधी कळते. ते बोट आजवर मालकाच्या भिंतीस लागले. आता ते आपल्या रस्त्यास लावा.

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता देवळाच्या ओट्यावर आम्ही बसणार आहोत. बाजारातला नवा ओटा, शाळेमागचा रस्ता आणि पाण्याची टाकी, या तीन कामांचे अर्ज लिहावयाचे आहेत. नव्या नगरसेवकांसही निरोप धाडला आहे. आले तर त्यांच्याच हातून पहिली सही घेऊ. टेप गवंडीदादा आणणार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी दहा-दहा रुपये आणावे, आणि पाटी विकून होईपर्यंत ज्या बाया येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही बारापर्यंत थांबू.