लबाडीने, साळसूदपणे, खोडसाळपणे



आपल्या पूर्णा जंक्शनावर अकोल्याची गाडी लागलीय, नांदेडची सुटतेय. गडबडीत एकानं दुसऱ्याची काळी बॅग उचलली आणि चालू पडला. ही चोरी झाली का? आपण आधी विचारतो, "चुकून नेली की मुद्दाम?" 'उचलली' एवढ्या क्रियापदानं काहीच ठरत नाही. माणसाला आरोपी करतं ते क्रियाविशेषण.

कायदाही तेच मानतो. 1860च्या दंड संहितेतलं चोरीचं 378 कलम 1 जुलै 2024पासून न्याय संहितेत 303 झालं. 'अप्रामाणिकपणे' ही अट मात्र कायम राहिली. एकाचा गैर लाभ किंवा दुसऱ्याचं गैर नुकसान करण्याचा हेतू हवा. बॅग खरोखर आपलीच समजून नेली, तर चोरी नाही. ठाण्यातल्या फिर्यादीत हाच हेतू 'मुद्दाम लबाडीच्या इराद्याने चोरून नेली' असा उतरतो. चोरून नेली म्हटल्यावर लबाडी आलीच की, असं वाटून आपण हसतो. पण खटला उभा राहतो तो त्या इराद्यावरच.

आता बोलीकडे येऊ. 'लबाडाघरचं आवतण, जेवल्याशिवाय खरं नाही' या म्हणीतला लबाड म्हणजे खोटं बोलणारा. आज आई तान्ह्यालाही लाडानं 'लबाडा' म्हणते. विशेषण असं मवाळ झालं, 'लबाडीने' मात्र झालं नाही. 'तो लबाड हसला' यात गंमत आहे. 'त्यानं लबाडीने सही घेतली' यात कोर्टाची पायरी आहे. आपल्या मराठवाड्यातल्या 'इब्लिस'चंही तसंच. कुराणातल्या सैतानाचं हे नाव, आणि आजी ते नातवाला बिनदिक्कत लावते!

'साळसूदपणे'ची तऱ्हा निराळी. लाडवाचा डबा रिकामा, ओठांच्या कडेला बेसन, आणि पोरगा उलटं धरलेलं पुस्तक वाचतोय. हा शब्द चोरी सांगतच नाही, चोरीनंतरचा चेहरा सांगतो. 'खोडसाळपणे' मूळचा खोड्या काढणाऱ्या पोरांचा. आता तो पुढाऱ्यांच्या खुलाशात मुक्कामाला आहे. बातमी अडचणीची असली की ती 'खोडसाळपणे' दिलेली असते. बातमी खरी की खोटी, हा प्रश्न तेवढ्यात बाजूला पडतो.

एक करून बघा. हे शब्द 'मी'ला लावा. 'मी साळसूदपणे बसलो' हे गप्पांत चालतं. 'मी लबाडीने घेतलं' हे कबुलीजबाबातच येतं. 'मी खोडसाळपणे बोललो' असं तर सहसा कुणी म्हणतच नाही. हे शब्द बहुधा दुसऱ्यासाठीच राखून ठेवलेले असतात, आणि वापरताना आपण त्याच्या मनात डोकावून आल्याचा दावा करत असतो.

म्हणून जपून. शेजाऱ्यानं नांगरताना बांध कोरला. मोजणीवाला बांध किती सरकला ते सांगेल. चुकून की लबाडीने, ते त्याच्या नकाशात येत नाही. पहिल्या वर्षी 'बांध कोरला' एवढंच म्हणा आणि दोघांनी मिळून खुणा रोवा. पुढल्या पेरणीला खुणा उपटलेल्या दिसल्या आणि बांध पुन्हा तुमच्याच अंगाला सरकला, तर मग 'लबाडीने' म्हणा. तेव्हा तो शब्द पंचांसमोर टिकेल.